घरातले बारमाही, बागेतले हंगामी : कोळ्यांच्या वहीचं एक वर्ष

घट बसायच्या आधी आमच्याकडे अख्खं घर खालीवर होतं. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, गोधड्या धुवून गच्चीवर पडतात आणि वेळूच्या लांब काठीला कुंचा बांधून छताची जळमटं काढली जातात. २०२३ च्या सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मावशी देवघराच्या कोपऱ्यात कुंचा फिरवत होत्या आणि वरून एक लांब पायांचा कोळी माझ्यासमोर फरशीवर पडला. पडला तरी त्याने तोंडातलं काहीतरी सोडलं नव्हतं. खसखशीचे दाणे एकत्र वळून लाडू करावा, तसा एक बारीक, फिकट गोळा.

सासूबाई खाली बसून देवाची उपकरणी चिंचेने घासत होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, अंडी आहेत ती. तोंडात धरून पळतेय बघ कांतीण."

मावशींनी कुंचा पुन्हा उचलला होता. मी म्हटलं, "थांबा जरा." ती मादी अडखळत भिंतीशी गेली आणि देव्हाऱ्यामागच्या फटीत शिरली. लग्न होऊन या घरात आले त्याला तेव्हा २७ वर्षं झाली होती. दरवर्षी याच दिवसांत मी ही जळमटं काढून घेतली, आणि ती कुणाची आहेत हे एकदाही बघितलं नाही. त्या रात्री भाचीची एक कोरी शंभरपानी वही घेतली आणि पहिल्या पानावर तारीख, जागा आणि जे दिसलं ते लिहिलं. नाव लिहायची जागा रिकामी ठेवली.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. जुनं, कौलारू, मागे छोटी बाग. पारिजातक, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता, एक आंबा आणि मध्ये थोडं गवत. एवढ्या जागेत कोळी असून किती असणार, असं मला वाटत होतं. वर्षाच्या शेवटी वहीत ४१ वेगवेगळे कोळी झाले.

पहिला महिना मात्र नुसता गोंधळात गेला. मी रंगावरून ओळखायला बघत होते. तपकिरी, करडा, काळा-पांढरा असे रकाने पाडले होते. दोन-तीन आठवड्यांत लक्षात आलं की निम्म्या नोंदी "तपकिरी" या एकाच रकान्यात कोंबल्या गेल्यात आणि त्यातल्या दोनही एकमेकांसारख्या नाहीत. फोटो काढून मोबाइलवर ताडून पाहावं, तर एकाच फोटोला तीन नावं सुचवली जात. नुकतीच कात टाकलेला कोळी फिकट दिसतो, अंडी धरलेली मादी फुगलेली दिसते, पिल्लांचा रंग मोठ्यांपेक्षा निराळा असतो. रंग हा सगळ्यात शेवटी बघायचा, हे मला उशिरा कळलं.

खिडकीतल्या जोडीने ते शिकवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक उडीमार कोळी यायचा. काळा, पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, अंग जेमतेम एक सेंटिमीटर. त्याच खिडकीत दुसरा एक करडा-तपकिरी, जरा जाडसर. मी त्यांना दोन जाती म्हणून लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबरातल्या एका दुपारी भांडी विसळताना बघितलं, तर काळा त्या तपकिरीपुढे उभा. पुढचे दोन पाय वर उचललेले, दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, मध्येच अंग थरथरवायचा आणि पुन्हा पुढे सरकायचा. तपकिरी कोळी मान वळवून त्याच्याकडे टक लावून बघत होता. नळ तसाच चालू होता आणि मी हात ओले ठेवून पाच मिनिटं उभी. ते नर आणि मादी होते. जात एकच, प्लेक्सिपस पायकुली, उष्ण प्रदेशांत जवळजवळ सगळीकडे माणसांच्या घरांत राहणारी. त्या संध्याकाळी वहीतल्या दोन नोंदी खोडून एक केली आणि शेजारी लिहिलं, "आधी नर की मादी ते बघ."

ते बघायची खूण सोपी निघाली. कोळ्याच्या तोंडाशी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात. वयात आलेल्या नराच्या त्या अवयवांची टोकं फुगीर असतात, मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी. मादीची सरळ. एकदा नजर बसली की साध्या भिंगातूनही दिसतं.

उडीमार कोळ्यांनी मला फार लळा लावला. आठ डोळ्यांपैकी पुढचे मधले दोन मोठे असतात, आणि बोट हळूच हलवलं की तो वळून बघतो. जाळं विणत नाही, पण उडी मारण्याआधी मागे एक धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे चुकला तर लोंबकळून परत येता यावं. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला या कुळाबद्दल आणखी एका कारणाने जवळीक वाटावी. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातल्या एका नव्या उडीमार कोळ्याला संशोधकांनी इसियस तुकारामी हे नाव दिलं, ते २६/११ च्या रात्री कसाबला जिवंत पकडताना अंगावर गोळ्या झेलणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी खिडकीतल्या त्या काळ्या-पांढऱ्याकडे बघून हात जोडले.

डिसेंबरपर्यंत माझी बघायची एक पद्धत बसली. कोळी दिसला की आधी विचारायचं, जाळं आहे का? नसेल तर तो भटकून शिकार करणारा. असेल तर कसलं? चाकासारखं गोल, चादरीसारखं पसरट, नरसाळ्यासारखं, की कोपऱ्यातला नुसता गुंता? गोल असेल तर उभं की आडवं? मग जागा, म्हणजे छत, भिंत, गवत, खोड, फूल. मग तो पाय कसे ठेवतो ते. मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी रंग. साधनं म्हणाल तर मोबाइलला लावायचं एक छोटं भिंग, स्टीलची पट्टी, विजेरी, आणि झाडांना पाणी मारायची फवारणीची बाटली. उन्हात न दिसणाऱ्या जाळ्यावर दुरून अगदी बारीक तुषार मारला की धागा न् धागा उजळतो. यासाठी काही जण जाळ्यावर पीठ भुरभुरवतात, ते करू नये. पीठ धाग्यांना चिकटून बसतं आणि जाळं वाया जातं, पाणी वाळून जातं.

या पद्धतीने देवघरातली ती पहिली नोंदही पुरी झाली. कोपऱ्यातला विस्कळीत गुंता, त्यात उलटा लटकलेला, दोऱ्यासारख्या पायांचा, मागचा भाग चौकोनी डब्यासारखा उंचावलेला. क्रॉसोप्रायझा लायोनी. आपल्याकडे घरात जी जळमटं म्हणून दिसतात, त्यातली बरीचशी याची किंवा याच्या भावकीतली. काडीने डिवचलं की तो अंग इतक्या वेगाने गरगर फिरवतो की दिसेनासाच होतो. नुसत्या धुरकट रेघा उरतात. जाळ्याखाली फरशीवर काय पडलंय ते मी आठवडाभर कागद अंथरून बघितलं. डास, मुंग्या, चिलटं, आणि एकदा दुसऱ्याच एका कोळ्याचे पाय.

हिवाळ्यात घरातच जास्त बघायला मिळालं. भिंतीवर रुपयाएवढे पांढरे चपटे ठिपके असतात, रंग दिला तरी महिन्याभरात पुन्हा उगवणारे. मी ते चुन्याचे समजत होते. भिंगातून पाहिलं तर आत दोन-तीन मिलिमीटरचा कोळी, इकोबियस. मुंगी जवळून गेली की हा बाहेर येतो आणि तिच्याभोवती गोल गोल पळत तिला धाग्याने जखडून टाकतो. मुंगीने सुटायची धडपड करावी, तोवर याच्या पाच-सहा फेऱ्या झालेल्या असतात.

स्टोअररूममध्ये गव्हाच्या कोठीमागे तळहाताएवढा एक होता. सगळे त्याला घाबरतात, मीही घाबरले. हेटेरोपोडा व्हेनेटोरिया, चपटा, तपकिरी, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, जाळं नाही. रात्री बाहेर पडतो आणि झुरळं खातो. जानेवारीत तिथेच एक मादी दिसली. पोटाखाली पांढरी चपटी टिकली घट्ट धरून बसलेली. ती अंड्यांची पिशवी. असं धरून ती आठवडेच्या आठवडे काही न खाता राहते. मी रोज रात्री दाराच्या फटीतून विजेरी मारून बघायचे. त्या दिवसांत मावशींना सांगून ठेवलं होतं की कोठी हलवायची नाही, गहू मी काढून देईन.

याच थंडीत बागेतल्या गवताने मला चकित केलं. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दव चांगलं पडतं. साडेसहाला मागचं दार उघडलं की गवतभर पांढऱ्या झिरझिरीत चादरी पसरलेल्या, प्रत्येकीच्या एका टोकाला खाली गेलेलं नरसाळं. मी मोजल्या, त्या छोट्याशा तुकड्यात २६. नऊ वाजता दव उडालं की एकही दिसत नाही. जाळी तिथेच असतात, आपल्याला दिसत नाहीत इतकंच. गवताच्या काडीने चादरीची कड हलवली की नरसाळ्याच्या तोंडाशी हिपासा धावत येतो, काडी आहे हे कळताच मागे फिरतो. हा लांडगा कोळ्यांच्या कुळातला. त्याचे बाकीचे भाऊबंद बहुतेक जाळं न विणता जमिनीवर भटकतात. रात्री विजेरी कानशिलाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर प्रकाश टाकला तर त्यांचे डोळे हिरवट-निळे चमकतात. भाची सुट्टीला आली होती. तिने विजेरी धरली आणि ओरडलीच, "आत्या, गवतात हिरे आहेत!" कमरेएवढ्या उंचीवर धरलेल्या विजेरीने हे दिसत नाही. प्रकाश जिथून गेला तिथेच परत येतो, म्हणून विजेरी डोळ्यांजवळच हवी.

मार्चपासून बाग रिकामी होत गेली. जास्वंदीवरची गोल जाळी गेली, गवत वाळलं तशा चादरी गेल्या. एप्रिलच्या वहीत बागेच्या पानावर सबंध महिन्यात ४ नोंदी आहेत. घरातले मात्र होते तसेच. घरातले बारमाही आणि बागेतले हंगामी, हे मी तेव्हा वहीत लिहिलं आणि पुढे ते खरं ठरत गेलं. छताखाली ऊन-पाऊस सारखाच, डास बाराही महिने, त्यामुळे तिथल्या कोळ्याला ऋतू फारसा लागत नाही. बागेतल्याचं सगळं किड्यांवर, किड्यांचं पाल्यावर आणि पाल्याचं पावसावर.

उन्हाळ्यातली एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. बैठकीतली एक जुनी तसबीर काढताना तिच्यामागचं कुंभारीण माशीचं मातीचं घर निखळून खाली पडलं आणि त्याची एक खोली फुटली. आतून कोळी सांडले. मोजले, ११. पाच उडीमार, तीन हिरवट फुलकोळी, तीन चाकजाळ्यांची पोरं. मेलेले वाटत होते, पण मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले असतात. कोळी पाय लांब करतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबाने, जीव गेला की दाब जातो आणि पाय आखडतात. यांचे पाय सैल, मऊ होते. ब्रशच्या केसाने टोकलं तर एकाचा पाय किंचित हलला. कुंभारीण कोळ्याला डंख मारून लुळा करते, खोलीत भरते, त्यातल्या एकावर अंडं घालते आणि तोंड मातीने लिंपते. बाहेर येणाऱ्या अळीला ताजं अन्न मिळावं म्हणून ही व्यवस्था. एका कोळ्याच्या पोटावर ते अंडं मला दिसलं, तांदळाच्या कणीसारखं, पिवळसर. मी ते सगळं परत त्या खोलीत भरलं, ओल्या मातीने तोंड बंद केलं आणि तसबिरीमागे होतं तिथे टेकवून ठेवलं. त्यातून पुढे काही निघालं नाही. मला फार वाईट वाटलं, त्या अळीचंही आणि त्या ११ जणांचंही.

मे महिन्यात माहेरी, दहिवडीला गेले. सातारा जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला घाटाचा पाऊस आणि पूर्वेला माणचा दुष्काळ. कोळीही तसे बदलतात. बांधावरच्या बाभळींवर मळकट कापसाच्या बोळ्यासारखी घरटी होती, त्यांत सुकी पानं, किड्यांची टरफलं अडकलेली, चारी बाजूंना जाळ्याचे पडदे. स्टेगोडायफस सारासिनोरम, एकत्र नांदणारा कोळी. बहुतेक कोळी दुसरा जवळ आला की त्याला खातात, हे मात्र शेकड्यांनी एका घरट्यात राहतात. दिवेलागणीला आम्ही दोघं भावंडं बांधावर बसलो. एक नाकतोडा पडद्यात अडकला. आधी एक आला, मग चार, मग मी मोजायचं सोडलं. सगळ्यांनी मिळून त्याला ओढत आत नेला. या कोळ्यांत आई पिल्लांना पोटातलं अन्न काढून भरवते आणि शेवटी पिल्लं तिलाच खाऊन मोठी होतात. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपण तर सरपण तोडताना ही घरटी जाळायचो." ते मलाही आठवत होतं.

पहिला जोराचा पाऊस जूनमध्ये आला त्या रात्री उंबऱ्यावरून चार लांडगा कोळी घरात आले. बिळांत पाणी शिरलं असणार. एकीच्या पाठीवर पिल्लांचा थर होता, दुरून ती लोकरीची वाटली. ग्लास उपडा ठेवला, खालून जाड पुठ्ठा सरकवला आणि ओसरीच्या कोरड्या कोपऱ्यात नेऊन सोडलं. पाठीवरची पिल्लं सांडू नयेत म्हणून तिच्या बाबतीत ग्लास न वापरता पुठ्ठाच पुढे धरला, ती आपण होऊन चढली.

पाऊस लागला आणि तीन-चार आठवड्यांत बाग भरली. कढीपत्त्यात आडवी-तिरकी जाळी, त्यांच्याखाली पोट वर करून लटकलेले चंदेरी-हिरवे ल्यूकॉज. तगरीच्या फुलात पांढराशुभ्र खेकडा कोळी, तो फूल समजून मीच दोनदा हात घातला. आंब्याच्या खोडावर सालीच्या रंगाची हर्सिलिया, मागे दोन लांब शेपट्या. ती इतकी चपटी बसते की हलल्याशिवाय दिसत नाही.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त देऊन गेली ती २२ जुलैची संध्याकाळ. पाऊस उघडला होता. लिंबाच्या मुडपलेल्या पानातून निओस्कोना बाहेर आली, बोराएवढी, तपकिरी. मी स्टूल टाकून छत्री घेऊन बसले. ७ वाजून १० मिनिटांनी ती फांदीच्या टोकाला गेली, पोट वर केलं आणि एक धागा वाऱ्यावर सोडला. दोनदा तो नुसता तरंगून गेला. तिसऱ्यांदा जास्वंदीला चिकटला. तिने ओढून बघितला, मग त्यावरून चालत जाऊन तो पक्का केला. मधोमध येऊन खाली घसरली, धागा ताणला, इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार झाला. त्या तीन रेषा जिथे मिळाल्या ते जाळ्याचं केंद्र. मग तिथून आरे, एकेक करून. प्रत्येक वेळी पायाने शेजारचे धागे ओढून बघायची आणि जिथे ढिलं वाटेल तिथे पुढचा आरा. आरे झाल्यावर केंद्रातून बाहेर जाणारं एक मोठ्या अंतराचं वेटोळं तिने काढलं. मला वाटलं झालं जाळं. पण हे वेटोळं चिकट नसतंच. गवंडी भिंत बांधायच्या आधी परांची बांधतो, तशी ती परांची. खरं चिकट वेटोळं त्यानंतर सुरू झालं, आणि ते उलट, कडेकडून आत. पुढच्या पायाने आधीच्या धाग्यापासून अंतर मापायचं, मागच्या पायाने पोटातला धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढे. एकदाही चूक नाही, एकदाही थांबणं नाही. जाता जाता परांचीचे धागे तोडून काढत होती. ८ वाजता ती केंद्रात डोकं खाली करून बसली. पन्नास मिनिटं.

पहाटे साडेपाचला पुन्हा गेले. ती जाळं गुंडाळत होती आणि खात होती. रेशीम म्हणजे प्रथिनंच, तीच पोटात जाऊन पुन्हा नव्या धाग्याला लागतात. सहाला तिथे काही नव्हतं, नुसता एक आडवा धागा. दिवसा बाग बघणाऱ्याला हा कोळी कधी भेटतच नाही, म्हणून ओळखीसाठी वेळही लिहायला हवी. तेव्हापासून वहीत तारखेशेजारी घड्याळ आलं.

ऑगस्टमध्ये पारिजातकाखाली सहीवाला कोळी आला, अर्जिओपी अनसूजा. हा दिवसाढवळ्या जाळ्याच्या मधोमध बसतो, आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे, आणि पायांच्या रेषेत पांढऱ्या नागमोडी पट्ट्या विणतो. सही केल्यासारखं दिसतं म्हणून तसं नाव. या पट्ट्या किडे आकर्षित करायला की पाखरांनी जाळ्यातून उडून जाऊ नये म्हणून, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आमच्या मादीच्या पट्ट्या रोज सारख्या नव्हत्या. कधी चार, कधी दोनच, कधी एकही नाही. पिवळे-करडे पट्टे असलेली ती बोटाच्या पेराएवढी, आणि जाळ्याच्या कडेला तिचा नर तिच्या पावपट.

त्याच महिन्यात सासूबाईंच्या मानेवर लाल पट्टा उठला, दुसऱ्या दिवशी त्यावर फोड. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "कोळी मुतलाय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात कोळी राहू देणारी मी. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं की हा कोळी नाही, पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक भुंगेरा आहे. मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्यातलं द्रव्य त्वचा भाजतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पांढरा पंचा अंथरला तर त्यावर तसले दोन सापडले. ते अंगावर बसले तर फुंकर मारून उडवायचे, रगडायचे नाहीत, आणि चुकून चिरडलेच तर लगेच साबणाने धुवायचं. हे मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. कोळ्याच्या माथी हा आळ पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि खरा किडा ओळखला नाही तर फोड येतच राहणार.

चावण्याबद्दलही लोक विचारतात. बहुतेक कोळ्यांना विष असतं, पण ते किड्यांसाठी. वर्षभरात मला एकही चावला नाही, आणि मी कुणालाही चिमटीत धरलं नाही.

सप्टेंबरात भाचीला घेऊन यवतेश्वरच्या घाटात गेले, नेफिला पिलिपेस बघायला. हा आमच्या बागेत येत नाही, त्याला झाडी लागते. दोन झाडांमधलं जाळं मीटरभराहून मोठं, आणि ऊन तिरकं पडलं की धागा खरोखर सोनेरी. मधली मादी अंगठ्याएवढी. वर कोपऱ्यात तांबूस, भाताच्या दाण्याएवढा नर. भाचीने विचारलं, "हे चांदीचे थेंब कसले?" ते थेंब नव्हते. दुसऱ्यांच्या जाळ्यात राहून त्यांची बारीकसारीक शिकार पळवणारे अर्जिरोडिस होते, तेही कोळीच.

४१ नोंदींपैकी पूर्ण नाव मी फक्त १३ जणांना दिलं आहे. बाकीच्यांपुढे प्रजाती (जीनस) किंवा नुसतं कुळ. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या बी. के. टिकादरांनी आपल्याकडच्या कितीतरी जाती पहिल्यांदा वर्णन केल्या. त्यांच्यासारखे अभ्यासक जात ठरवतात ती सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना बघून. फोटोवरून बरेचदा तिथवर पोचता येत नाही. सुरुवातीला याची मला रुखरुख होती. आता "निओस्कोना, लिंबू, रात्री ७ ते पहाटे ५.३०, जुलै ते ऑक्टोबर" एवढं लिहिलं की मला ती भेटल्यासारखी वाटते.

२०२४ चे घट ३ ऑक्टोबरला होते. साफसफाई २९ सप्टेंबरला काढली. आदल्या रात्री मी विजेरी घेऊन घरभर फिरले. धूळ धरून काळी पडलेली, लोंबणारी जळमटं असतात ती सोडून दिलेली. राहतं जाळं स्वच्छ असतं, सहसा दिसतच नाही. म्हणजे जी काढावीशी वाटतात ती बहुतेक रिकामीच असतात. राहत्यांतली स्वयंपाकाच्या ओट्यावरची आणि पंख्याजवळची काढायचं ठरवलं, तिथल्या सहा जणांना ग्लासात धरून गोठ्याच्या पत्र्याखाली नेलं. सहीवाल्या मादीने पारिजातकाच्या फांदीला अंड्यांची पिशवी बांधली होती, ती फांदी छाटायची नाही म्हणून तिला लाल दोरा बांधला.

सकाळी मावशी कुंचा घेऊन देवघरात शिरल्या आणि आतूनच हाक आली, "ताई, इकडं या. हिच्या तोंडात बी हाय बगा." त्याच कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या वर, खसखशीचा लाडू धरलेली एक. सासूबाई म्हणाल्या, "तेवढा कोपरा राहू दे यंदा." मावशींनी बाजूची भिंत झाडली, काठी आखडती घेऊन.

अष्टमीच्या सकाळी घटाला माळ बांधायला गेले तेव्हा तो गोळा नव्हता. मादीच्या पायांभोवती, तिच्याच जाळ्यात, केसाएवढ्या पायांची पिल्लं उलटी लटकली होती. भिंगातून तीनदा मोजली. एकदा २८ आली, दोनदा ३१.